अंग चोरून बसायला कोणी शिकवलं?

वजन उतरवलेल्या माणसाला आपण बारीक झालोय हे दिसत नसेल, तर त्याच्या डोळ्यांना बोल लावू नका. वर्षानुवर्षं त्याच्या अंगावरून बोलत आलेल्यांना लावा. वजन उतरवून देण्याचे पैसे घेऊन पुढची जबाबदारी झटकणाऱ्यांना लावा. मी हे मवाळपणे लिहिणार नाही. या विषयावर मवाळ पुष्कळ लिहून झालंय, आणि त्याने कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

माझं वजन 92 किलो होतं, आता 66 आहे आणि बऱ्याच काळापासून तिथेच टिकून आहे. साखर आटोक्यात आली, गुडघे शांत झाले, ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना मी न थांबता चढते. हे सगळं मला कळतं. दिसत मात्र नाही. दुकानात पाय आधी डबल एक्सएलच्या कपड्यांकडे वळतात. रिक्षात तिसरी बसायची वेळ आली की ‘तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते’ हे वाक्य आपसूक तोंडातून निघतं. लोकलमध्ये चौथ्या सीटवर जागा असते, बाकावरची बाई सरकून बोलावते, आणि मी उभी राहते, कारण माझ्या डोक्यातलं अंग त्या जागेत मावत नाही. आरशात तोच पोटाचा घेर, तेच दंड. लग्नातल्या फोटोत एक बाई दिसते. तिने माझी साडी नेसलेली असते म्हणून मी तिला ओळखते.

घरी हे बोलून दाखवलं की उत्तर ठरलेलं: ‘काहीतरीच तुझं!’ माझं काहीतरीच नाही. थॉमस कॅश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1990 मध्ये सहकाऱ्यांबरोबर बायकांच्या तीन गटांचा अभ्यास केला. वजन जास्त असलेल्या, पूर्वी जास्त असून आता उतरलेल्या, आणि कधीच जास्त नसलेल्या. मधल्या गटातल्या बायकांच्या मनातली जाडीची धास्ती पहिल्या गटाच्या जवळ जाणारी निघाली. शरीर तिसऱ्या गटात पोचलं होतं, मन पहिल्यातच होतं. या अनुभवाला ‘फँटम फॅट’ असं नाव पडलं. पाय कापल्यावरही तो जागेवर असल्याचं जाणवत राहतं, त्याला फँटम लिंब म्हणतात, त्यावरूनच हे.

त्याहून जुनी गोष्ट सांगते. हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या ब्रिटिश मज्जातंतूतज्ज्ञांनी 1911 मध्येच मांडलं होतं की मेंदू आपल्या शरीराचा एक आराखडा कायम जवळ बाळगतो आणि त्यावरून आपण हालचाल करतो. बाईला आपल्या टोपीवरच्या पिसाचं टोकसुद्धा न बघता कुठे आहे ते कळतं, असं त्यांचं उदाहरण होतं. चुलीपुढे वावरताना आपल्या आज्यांचा पदर जाळाला लागत नसे, तो याच आराखड्याच्या बळावर. पण हा आराखडा चुकूही शकतो. 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ॲनोरेक्सिया, म्हणजे जाडीच्या धास्तीने खाणं तोडण्याचा आजार, झालेल्या बायकांना दारासारख्या फटींतून चालायला लावलं. निरोगी बायका फट खांद्यांच्या रुंदीपेक्षा 25 टक्क्यांनी मोठी असेपर्यंत सरळ जात. आजारी बायका ती 40 टक्क्यांनी मोठी असतानाच खांदे तिरके करू लागत. त्यांचा आजार वेगळा आहे, जिवावर बेतणारा आहे, त्याच्याशी मी माझी बरोबरी करत नाही. पण दारातून जाताना खांदे आरशाला विचारत नाहीत, एवढं त्यातून नक्की कळतं. ते आतल्या आराखड्याला विचारतात.

मग माझा आराखडा कोणी काढला? मी एकटीने नाही.

शाळेत पीटीच्या तासाला मुलींची रांग लावताना जी मोठ्याने हाक मारली जायची, तिने काढला. ‘तब्येत सुधारली हं!’ असं म्हणत दंडाला चिमटा काढणाऱ्या मावश्या-काकवांनी काढला. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी हातात घेऊन, पायांपासून डोक्यापर्यंत नजर फिरवून ‘मुलगी अंगाने जरा भरलेली आहे’ असं माझ्यासमोर माझ्या आईला ऐकवणाऱ्यांनी काढला. आमच्या नाटक-सिनेमांनी तर जाड बाईला हसण्यापुरतीच जागा दिली. 2016 मधल्या ‘वजनदार’सारखा तिला गोष्टीच्या मध्यभागी आणणारा चित्रपट म्हणजे अपवाद. यातल्या प्रत्येकाने एकेक रेघ ओढली. अंग चोरून बसणं ही माझी सवय नव्हे, ती मला लावलेली शिस्त आहे. 26 किलो चरबी गेली म्हणून ही शिस्त जाईल, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

आणि ती जाऊ दिली जात नाही, हा माझा खरा राग आहे. वजन उतरलं तरी तीच तोंडं चालूच राहतात. ‘शुगर निघाली का गं?’ ‘चेहरा किती ओढलाय!’ ‘आता बास हं, खप्पड दिसशील.’ कौतुक करणारेही काही बरे नाहीत. ‘आधी कसली होतीस आणि आता बघ!’ या एका वाक्यात ते 92 किलोच्या बाईला ओढून आणून माझ्यापुढे उभी करतात. पुसट होऊ लागलेली आकृती पुन्हा गडद करतात. ‘ओळखलंच नाही तुला’ हे ऐकून मी आनंदाने लाजावं अशी अपेक्षा असते. इतकी वर्षं जी तुमच्या ओळखीची होती, तिला तुम्ही काय समजत होतात, हे त्या कौतुकातून मला नीट ऐकू येतं.

आता वजन उतरवून देण्याच्या धंद्याकडे वळते. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 चा. ज्या विकारांवर औषधाचा दावा करणारी जाहिरात करायला या कायद्याने बंदी आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. तरीही लोकलच्या डब्यात, विजेच्या खांबांवर, मोबाइलवर ‘दहा दिवसांत फरक पाहा’ची पत्रकं राजरोस झळकतात. फरक पाहा म्हणे! टोरोंटो विद्यापीठातल्या अभ्यासानुसार सरासरी उंचीच्या माणसाचा चेहरा बारीक झाल्याचं दुसऱ्याच्या नजरेत यायलाच साधारण साडेतीन-चार किलो उतरावे लागतात. आणि शरीर जितकं जाड, तितका त्यातला बदल डोळ्याला उशिरा कळतो, असं ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलंय. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त उतरवायचंय, त्याला सगळ्यांत उशिरा दिसणार. हे त्याला पहिल्या दिवशी सांगायला हवं. त्याऐवजी त्याला भिंतीवरची ‘आधी’ आणि ‘नंतर’ची जोडी दाखवतात. आधीच्या फोटोत खांदे पाडलेले, उजेड मळका; नंतरच्यात पोट आत, ओठांवर हसू. त्या दोन फोटोंच्या मध्ये माणूस किती काळ स्वतःला अनोळखी होऊन जगला, हे कुठल्याच भिंतीवर टांगत नाहीत.

मी ज्या आहारतज्ज्ञाकडे जात होते, तिथे आकडा ठरला होता. तो आला, टाळ्या झाल्या, फाइल बंद. ‘मला काहीच वेगळं दिसत नाही’ असं मी म्हणाले, तर ‘आता मेंटेनन्सचं पॅकेज घ्या’ हे उत्तर मिळालं. आकड्याची एवढी पूजा कशासाठी? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचं उदाहरण छापलं होतं. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3; पण शरीरातली चरबी एकाची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2. काट्याला शरीराच्या आतलं कळत नाही हे पुण्यातून जगाला सांगितलं गेलं, आणि आमच्या गल्लीतल्या क्लिनिकात अजून काटाच देव आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पैसे न घेता लोकांना वजन उतरवण्यासाठी दिवसातून फक्त दोन वेळा जेवायला आणि चालायला लावलं, याचा मला मनापासून आदर आहे. पण त्या मार्गाने वजन उतरवलेल्यांच्या गप्पांतही किलो, कंबर आणि रक्तातली साखर यांपलीकडचं काही माझ्या कानावर आलं नाही.

2025 मध्ये भारतात मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आली. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही इंजेक्शनं जरूर घ्यावीत, त्यात लाज कसली. माझी भीती दुसरीच आहे. शरीर जितकं झपाट्याने बदलेल, तितका आतला आराखडा मागे पडेल, आणि त्याबद्दल बोलणारं कोणी डॉक्टरांच्या खोलीत नसेल.

‘दिसत नाही तर नाही, तब्येत बरी आहे ना?’ असं म्हणणाऱ्यांना परिणाम माहीत नाहीत. ज्याला बदल दिसत नाही, त्याच्यापुढे दोन वाटा उरतात आणि दोन्ही वाईट. एकतर तो आणखी उतरवत सुटतो, पोळी टाळतो, भात सोडतो, सणाच्या ताटासमोर अपराध्यासारखा बसतो. नाहीतर ‘एवढं करून काहीच नाही’ म्हणत सगळं सोडतो आणि वजन परत येतं. मग लोक म्हणणार, मनाचा निग्रह कमी पडला! निग्रहाचा इथे काय संबंध? पोचल्याचं ज्याला कळलंच नाही, त्याने थांबायचं तरी कुठे?

‘आरशासमोर उभं राहून स्वतःवर प्रेम करा’ हा सल्ला देणाऱ्यांनी तो स्वतःजवळ ठेवावा. प्रेमाच्या आधी नीट दिसायला हवं. मानसोपचारात आरशाचा वापर होतो तो वेगळा: जाणकाराच्या देखरेखीखाली आपल्या शरीराचं वर्णन चांगलं-वाईट न म्हणता, फक्त रंग, रेषा, आकार सांगत करायचं. मला उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. कंबरेचं माप टेपने घेऊन तारखेसह लिहून ठेवलं. जुने ब्लाउज उसवून लहान करण्याऐवजी देऊन टाकले. शिंपीणबाईंनी नवं माप घेताना विचारलं, ‘माया जास्त सोडू का? पुन्हा अंग धरलं तर?’ मी नको म्हटलं. ते माप त्यांनी वहीत लिहिलं, आणि माझ्या शरीराबद्दल कोणीतरी पहिल्यांदाच चांगलं-वाईट न म्हणता फक्त आकडा लिहिला. लोकलमध्ये मी आता बसते. दिसत नसलं तरी बसते, कारण खांद्यांना नवी रुंदी बसूनच शिकवावी लागते.

तुमच्यापैकी कोणाचे दिवसाचे तासन् तास आरशात आणि काट्यावर जात असतील, जेवण घशाखाली उतरत नसेल, तर ते एकट्याने सोसू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. आहारतज्ज्ञांनो, वजनाच्या रकान्याशेजारी ‘स्वतःला कसं दिसतं?’ हा रकाना आखा, आणि आकडा आल्यावर फाइल बंद करू नका. आणि उरलेल्या सगळ्यांना एकच सांगते. पुढच्या लग्नात, बारशात, हळदीकुंकवात एखादी बारीक झालेली किंवा जाड झालेली दिसली, तर तिला कशी आहेस विचारा, शेजारी बसवून घ्या, आणि तिच्या शरीराबद्दल एक अक्षरही बोलू नका.