विदुराघरच्या कण्या आणि आपले रात्रीचे जेवण

श्रावण लागला की मावळचे रूप पालटते. भाताची लावणी उरकत आलेली असते, खाचरे हिरवीगार झालेली असतात, कार्ल्याच्या डोंगरावर ढग उतरलेले असतात आणि इंद्रायणी दुथडी भरून देहू-आळंदीकडे धावत असते. घरोघरी सोमवारचा उपवास, मंगळागौर, शुक्रवारची जिवती, शनिवारचा मारुती अशी व्रतांची मालिका सुरू होते. या पवित्र मासाचा महिमा गाताना आम्ही कीर्तनकार थकत नाही. परंतु या साऱ्या पुण्यसंचयाचा भार ज्या एका जागी येऊन पडतो, त्या स्वयंपाकघराविषयी आम्ही क्वचितच बोलतो. म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

सायंकाळी पुण्याहून लोणावळ्याकडे येणाऱ्या लोकलमधून तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली या स्थानकांवर उतरणाऱ्या भगिनींकडे पाहावे. कुणी शिक्षिका असते, कुणी परिचारिका, कुणी कारखान्यात कामाला. दिवेलागण केव्हाच होऊन गेलेली असते. छत्री मिटवून ती उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवते न ठेवते तोच घरातून प्रश्न येतो, ‘आज जेवायला काय?’ लोणावळ्याच्या गृहिणीची तऱ्हा आणखी वेगळी. सुट्टीच्या दिवशी पाऊस पाहायला नातलग येतात. पाऊस पाहुण्यांनी पाहायचा आणि यजमानीणबाईंनी कढईतला धूर पाहायचा, असा तिथला रिवाज! यांपैकी एखादी भगिनी ‘मला स्वयंपाकाचा कंटाळा येतो’ असे म्हणते, तेव्हा पातकाची कबुली द्यावी तशी हळू आवाजात म्हणते. माझे मत असे की, हे पातक नव्हे. रात्रीचे जेवण साधे, हलके आणि थोड्या श्रमाचे असावे, ही आळशी माणसाने काढलेली पळवाट नसून आपल्या शास्त्राची आणि सणांचीच शिकवण आहे.

श्रावण काय शिकवतो?

आपले सण म्हणजे केवळ पुरणावरणाचा घाट, असा समज रूढ झाला आहे. पण थोडे बारकाईने पाहू या. नागपंचमीला चिरू नये, भाजू नये, तळू नये, तवा चुलीवर ठेवू नये असा दंडक आहे. त्या दिवशी पुरणाची दिंडे किंवा तत्सम उकडलेले पदार्थ करतात. म्हणजे विळी, तवा आणि कढई या तिघांनाही सुट्टी! शीतला सप्तमीला अनेक घरांत चूल पेटवतच नाहीत. आदल्या दिवशी केलेले थंड अन्न खातात. पुढे भाद्रपदात गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी नाना भाज्या एकाच पातेल्यात शिजवतात, तेलमसाल्याचा सोस नाही की चार पदार्थांचा आग्रह नाही. पक्वान्नांचे सण आपण मोठ्या हौसेने पाळतो. पण चुलीला आणि चुलीपुढच्या बाईला विसावा देणाऱ्या या सणांचा अर्थ मात्र विसरतो.

व्रतांमध्ये ‘नक्त’ नावाचे एक व्रत आहे. दिवसभर उपवास करून रात्री एकदाच जेवायचे. त्या वेळी काय जेवावे? तर हविष्यान्न. तांदूळ, जव, मूग, तीळ, दूध, तूप हे त्यातले मुख्य जिन्नस. म्हणजे मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि वर तुपाची धार हे जेवण जवळजवळ व्रताचेच होय. असे असता ‘आज नुसती खिचडीच?’ म्हणून नाक मुरडणाऱ्याने आपण व्रताला नाक मुरडतो आहोत, हे ध्यानी घ्यावे.

शास्त्राचे म्हणणे

वर्षाऋतूत जठराग्नी मंद होतो असे आयुर्वेद सांगतो. म्हणून वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त पावसाळ्यासाठी जुने धान्य आणि डाळीचे यूष, म्हणजे आपले कढण, सुचविले आहे. लोणावळ्याच्या धुवाधार पावसात गरम गरम भज्यांचा मोह होतो हे खरे. पण मंदावलेल्या अग्नीवर रात्री तळणाचा भार टाकणे म्हणजे ओल्या लाकडांवर घागर ओतण्यासारखेच आहे.

याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले. त्या संस्थेने १९७० साली ‘हठप्रदीपिके’ची आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात मिताहाराचे लक्षण दिले आहे. अन्न स्निग्ध आणि मधुर असावे आणि जेवताना पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा. ताटात किती वाट्या असाव्यात, याचा तिथे उल्लेखही नाही. त्या आवृत्तीच्या संपादकांपैकी एक रघुनाथशास्त्री कोकजे. धर्मनिर्णय मंडळाच्या ज्या पंडितांनी धार्मिक संस्कार काळानुरूप सुटसुटीत व्हावेत म्हणून परिश्रम घेतले, त्यांत शास्त्रीबुवांचे नाव मोठे आहे. जिथे विवाहाचा विधीही आटोपशीर करता येतो, तिथे रात्रीचा स्वयंपाक आटोपशीर करायला कोणत्या धर्माची आडकाठी आहे?

घरातील वडीलधारी मंडळी येथे एक शंका काढतात. सकाळी केलेली तयारी संध्याकाळी वापरायची म्हणजे गीतेने तामस म्हटलेले ‘यातयाम’ अन्नच नव्हे काय? या शब्दाचा अर्थ ‘शिजवून एक प्रहर लोटलेले’ असा पुष्कळांनी केला आहे. आद्य शंकराचार्यांनी मात्र आपल्या भाष्यात ‘अर्धेकच्चे शिजलेले’ असा केला आहे. कोणताही अर्थ घ्या, सकाळी भिजत घातलेली डाळ, निवडून ठेवलेली पालेभाजी आणि मोड काढलेली मटकी यांना तो लागूच पडत नाही. कारण ती मुळी शिजलेलीच नसतात. संध्याकाळी ती चुलीवर चढतात आणि ताजीच ताटात येतात.

एका भांड्याची जेवणे

आता नुसता उपदेश करून भागणार नाही; चूल सोपी व्हायची तर व्यवहार सांगितला पाहिजे. ज्यांना स्वयंपाकाची आवड नाही त्यांनी पुढील जेवणे आलटून पालटून करावीत. कांदा-लसणावाचून ती उत्तम होतात, त्यामुळे चातुर्मासातही अडचण नाही.

पहिली अर्थातच खिचडी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकराने ‘इंद्रायणी’ ही जात तयार झाली. तिचा भात सुवासिक आणि किंचित चिकट, म्हणून मऊ खिचडीला तो फार चांगला. चौघांसाठी एक वाटी तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, मूठभर चिरलेला दुधी किंवा पालक, हळद, हिंग, जिरे, मीठ आणि सात वाट्या पाणी कुकरमध्ये घालावे. डाळ-तांदूळ एकत्र करण्यात मोठे शहाणपण आहे. तांदळाच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते आणि डाळीत जे उणे ते तांदूळ.

दुसरी उकड. एक वाटी तांदळाचे पीठ तीन वाट्या पातळ ताकात गुठळ्या न होऊ देता कालवावे. मोहरी, हिंग, मिरची व आले यांच्या फोडणीवर ते ओतून ढवळावे आणि झाकून एक वाफ आणावी. तिसरे हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे पिठले. दहा मिनिटांत होते आणि भाताशी किंवा नाचणीच्या भाकरीशी छान लागते. नाचणी आणि वरई ही आपल्या डोंगरउतारांवरची जुनी पिके. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आपल्या आज्यांना ही थोरवी त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

चौथी वरणफळे. सकाळची कणीक उरली असेल तर तिची पातळ पोळी लाटून तिचे तुकडे उकळत्या आमटीत सोडावेत. वर मेथीची पाने घालावीत. पोळी, आमटी आणि भाजी एकाच पातेल्यात! पाचवे भाजणीचे थालीपीठ. भाजणी एकदाच सवडीने भाजून गिरणीतून दळून आणावी, मग महिनाभराची चिंता मिटते. किसलेला दुधी घालून थालीपीठ लावावे आणि दह्याबरोबर खावे. आणि ज्या दिवशी एवढेही नको वाटेल, त्या दिवशी मऊ भात, तूप, मेतकूट आणि मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर. मुलांना वरून भाजलेले शेंगदाणे द्यावेत. मधुमेह असलेल्यांनी भात कमी आणि डाळ-भाजी अधिक घ्यावी. निजण्याआधी दोन-तीन तास जेवण उरकावे म्हणजे सकाळी शरीर हलके राहते.

अशा जेवणाचा नैवेद्य देवाला कसा दाखवावा, असा संकोच कुणाला वाटत असेल तर त्याने उद्योगपर्वाचे स्मरण करावे. शिष्टाईसाठी हस्तिनापुरास आलेल्या श्रीकृष्णाने दुर्योधनाच्या राजवाड्यातील भोजन नाकारले आणि तो विदुराच्या घरी जेवला. तेथे त्याने कण्या खाल्ल्या, असे आपली लोकपरंपरा सांगते. कण्या म्हणजे तरी काय? एका भांड्यात शिजवलेला भरड्याचा मऊ घाटा! पंचपक्वान्ने सोडून देव ज्या जेवणाला धावला ते एका भांड्याचे होते.

भार कोणी उचलावा?

तरीही मुख्य गोष्ट राहिलीच. पदार्थ कितीही सोपा असला तरी तो रोज एकाच व्यक्तीने, एकटीने करायचा म्हटले की त्याचे ओझेच होते. पुष्कळदा कंटाळा येतो तो स्वयंपाकाचा नव्हे, तर त्या एकटेपणाचा. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामचिंतनात बसत आणि आवली देहूहून त्यांची भाकरी घेऊन डोंगर चढत असे, ही कथा मावळात कोणाला ठाऊक नाही? तिच्या पायात काटा मोडला तेव्हा तो प्रत्यक्ष पांडुरंगाने काढला, असे सांगतात. आम्ही कीर्तनात तुकोबांचे वैराग्य रंगवतो; पण देव वाकला तो भाकरी वाहणारीच्या पायाशी, हे श्रोत्यांच्या मनावर तितकेसे ठसवत नाही. जनाबाईच्या जात्याशी देव दळायला बसला, हे ऐकून पुरुषमंडळी टाळ्या वाजवतात. मग घरी कुकर लावण्यात त्याच पुरुषांना कमीपणा का वाटावा? गावच्या सप्ताहात हजार पानांचा महाप्रसाद रांधायला हेच पुरुष मोठ्या भक्तिभावाने कढईपाशी उभे राहतात. गावाची कढई पवित्र आणि घरची कढई हलकी, असा भेद कोणत्याही शास्त्रात नाही.

म्हणून सुज्ञ वाचकहो, या श्रावणात एक छोटा नेम धरावा. आठवड्यातून किमान चार रात्री घरात एकाच भांड्याचे जेवण व्हावे. त्यांपैकी दोन रात्री ते घरातील पुरुषांनी किंवा मोठ्या मुलांनी करावे, आणि घरची लक्ष्मी जेव्हा बाहेरून दमून येईल तेव्हा तिला आधी पाट मांडून द्यावा. या नेमाला सोवळे लागत नाही, दक्षिणा लागत नाही, मुहूर्तही लागत नाही. अन्नपूर्णा आपण देव्हाऱ्यात पूजतोच. तीच स्वयंपाकघरात उभी आहे हे ओळखून तिचा भार थोडा हलका केला, तर त्या पूजेला अर्थ येईल.