चारही चाकांचा हिशेब एकच हवा

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचे मागचे दोन टायर बदलायचे होते. दुकानदाराने १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ आर १५ पुढे केले. "भाऊ, रुंद टायर हाय, रोड पकडून ठेवते. काही नाही होत." मी ऐकलं. आठ दिवसांत, भुरभुर पावसात, वर्धा रोडच्या सिमेंटवर गाडीने दोनदा मध्येच दम सोडला आणि डॅशबोर्डवर घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकला. परत गेलो तर नवा सल्ला मिळाला: "बटण दाबून सिस्टिमच बंद ठेवा." हे दोन्ही सल्ले नागपुरात इतक्या सहज दिले आणि घेतले जातात, की त्यांचं खंडन करणं मला भाग आहे.

पूर्वपक्षात तथ्य नाही असं नाही. कोरड्या रस्त्यावर रुंद टायर पकड वाढवू शकतो. पण साचलेल्या पाण्यात त्याच रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि तो लवकर तरंगतो. शिवाय इथे प्रश्न रुंदीपेक्षा व्यासाचा आहे. टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, ते ६५ हा आकडा सांगतो. रुंदी वाढली की टायरची उंचीही वाढते. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर, २०५/६५ आर १५ चा ६४७.५. म्हणजे चार टक्क्यांहून जास्त फरक.

तो पिवळा दिवा ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाकांची घसरण आवरणाऱ्या सिस्टिमचा. तिला रस्ता दिसत नाही. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाक किती वेगाने फिरतंय एवढंच सांगतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत मागची चाकं नुसती गडगडत येतात, म्हणून गाडीचा खरा वेग त्यांच्यावरून ओळखायचा. पुढची चाकं त्यांच्याहून जास्त वेगाने फिरली, की ती घसरताहेत असं समजून इंजिनाचा जोर कमी करायचा, नाहीतर त्या चाकाला ब्रेक लावायचा.

माझी गाडी अशीच. आता तिचा हिशेब पाहा. पुढचे टायर झिजलेले. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती २ वर आली की व्यास १२ मिलिमीटरने घटून ६०९.५ होतो. मागे मात्र ६४७.५. कागदावरच्या मापाने एका किलोमीटरला पुढचं चाक ५२२ फेरे घेतं, मागचं ४९२. कुठलंच चाक घसरलेलं नसताना सहा टक्क्यांचा फरक! आणि टायरची पकड तर साधारण दहा-पंधरा टक्के घसरणीच्या आसपासच शिखरावर असते. निम्मी जागा खोट्या घसरणीनेच खाल्ली. सिस्टिम चुकली नव्हती. आम्हीच तिला चुकीचं माप दिलं होतं.

याच्या उलट, मोठे टायर पुढे आणि झिजलेले मागे असते तर? पुढची चाकं खरोखर घसरू लागली तरी सुरुवातीला आकडे जुळलेलेच दिसले असते. दिवाही लागला नसता. मला ही चूक जास्त भयंकर वाटते.

यावर जाणकार मेकॅनिक म्हणतील, "आजकालच्या गाड्या थोडा फरक शिकून घेतात." बरोबर आहे. पण शिकण्याला मर्यादा असते. झिजलेल्या आणि नव्या टायरचा दोन टक्क्यांचा फरक पचवणं वेगळं, सहा टक्क्यांचा वेगळा.

दुसऱ्या टोकाची भीतीही मी मान्य करत नाही. साइजचा एक आकडा बदलला की ट्रॅक्शन कंट्रोल निकामी, असं सांगणारेही भेटतात. १९५/६० आर १५ चा व्यास ६१५ भरतो, मूळ मापाहून जेमतेम एक टक्का कमी. चारही चाकांना तोच टायर घातला तर चाकांची आपसातली तुलना जशीच्या तशी राहते. चारही २०५/६५ घातले तरी ती तुलना बिघडत नाही. तिथे दुखणं वेगळं. मीटर अचूक असेल, तर तो १२० दाखवताना गाडी १२५ ने धावत असते.

म्हणून माझा सिद्धान्त असा: दारावरच्या पट्टीवर छापलेलं माप घ्या, आणि चारही चाकांना एकच ठेवा. दोनच बदलायचे असतील तर त्याच मापाचे घेऊन नवे मागे घाला.

राहिलं ते बटण. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर काळ्या मातीत गाडी रुतली, तर ते जरूर दाबा. तिथे चाक थोडं फिरू द्यावंच लागतं, आणि जोर तोडणारी सिस्टिम आडवी येते. डांबरावर आल्याबरोबर पुन्हा सुरू करा. चुकीच्या टायरमुळे लागणारा दिवा विझवण्यासाठी ते बटण नाही.

मी ते दोन टायर काढले आणि पदरचे पैसे घालून मूळ मापाचे घेतले. दिवा पुन्हा विनाकारण लागला नाही. समृद्धी महामार्गाच्या नागपूरच्या टोकाला परिवहन विभागाने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या, त्याचा मला आनंद आहे. ७०१ किलोमीटरच्या त्या सिमेंटवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. नक्षीची खोली तपासायला वाकलेल्या माणसाने त्याच वेळी चारही टायरांवरचं माप वाचावं आणि ते जुळत नसेल तर गाडीवाल्याला तिथेच सांगावं, एवढी माझी मागणी आहे.