हुकुमाआधी हद्द ठरवा

दोन सज्ञान माणसं एका घरात राहतात. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, असं दोघांनी राजीखुशीने ठरवलं आहे. त्यात दोघांनाही सुख आहे. अशी जोडपी मुंबई-पुण्यात आहेत, लहान गावांतही आहेत, फक्त ती बोलत नाहीत. या नात्यात सांगणाऱ्याला डॉमिनंट आणि ऐकणाऱ्याला सबमिसिव्ह म्हणतात, बोलताना नुसतं डॉम आणि सब. घरात पाळायच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. सकाळचा चहा कुणी कसा द्यायचा, हाक काय मारायची, बसायचं कुठे, बाहेर पडताना काय कळवायचं, चुकलं तर काय, हे सगळं त्यात येतं. डॉम पुरुषच असतो असं नाही आणि दोघं नवरा-बायकोच असतात असंही नाही.

हे सोडून द्या, असं सांगायला मी बसलेलो नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. सज्ञान माणसांमध्ये परस्पर संमतीने चालणारी अशी आवड त्या यादीत आजार म्हणून धरलेली नाही. समोरच्याच्या संमतीशिवाय त्याला यातना देण्याची ओढ मात्र यादीत राहिली आहे. वैद्यकशास्त्राने रेघ ओढली ती संमतीपाशी. आपल्या घरातली रेघही तिथेच ओढायची आहे. ज्यांच्याकडे हे चालू आहे किंवा जे सुरू करायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी पुढचं सांगणं आहे.

बहुतेक जोडपी वही घेऊन बसतात आणि पहिल्या झटक्यात नियम लिहून काढतात. माझं म्हणणं उलटं आहे. नियम कशाकशाला शिवणार नाहीत, ते आधी लिहा. हुकूम कुठवर चालतो हे ठरल्याशिवाय पहिला हुकूम देऊ नका आणि घेऊही नका.

हे शहाणपण नवं नाही. ज्याच्या आडनावावरून मासोकिझम हा शब्द आला, तो ऑस्ट्रियन लेखक लिओपोल्ड फॉन झाखर-मासोख याने १८६९ साली फॅनी पिस्टोर नावाच्या स्त्रीशी लेखी करार केला. करार होता तिचा गुलाम होऊन राहण्याचा. पण त्याची मुदत सहा महिने होती. रोजचे सहा तास त्याच्या स्वतःच्या कामासाठी राखलेले होते. त्याची पत्रं आणि लिखाण तिने पाहायचं नाही आणि माणूस किंवा नागरिक म्हणून त्याची बेअब्रू होईल असं काही करायला लावायचं नाही, असंही त्यात होतं. गुलामीचा कागद आणि त्यातही काम, खासगीपण, अब्रू आणि मुदत या चार गोष्टी बाजूला काढून ठेवलेल्या! पुढे पत्नीबरोबरच्या करारात त्याने असं काही राखलं नाही, स्वतःचे सगळे हक्क सोडून दिले. त्या पत्नीने १९०६ साली आत्मकथन लिहिलं. हुकूम देणारीची भूमिका आपल्यावर लादली गेली, आपल्याला ती नको होती, अशी तिची तक्रार होती. म्हणजे जबरदस्ती खालून वरही होते. सबने हट्ट धरायचा आणि डॉमने मन मारून कठोर व्हायचं, हेसुद्धा संमतीचं नातं नव्हे.

आता आपल्या घरात बाजूला काय काढून ठेवायचं ते पाहू.

पहिला पैसा. प्रत्येकाचं स्वतःच्या नावाचं बँक खातं असावं आणि त्याचा पिन दुसऱ्याकडे नसावा. अमुक रकमेवरच्या खरेदीला विचारायचं, असा नियम दोघांना आवडत असेल तर खुशाल ठेवा. पण चार महिने वेगळं राहता येईल एवढी रक्कम त्या नियमाबाहेर असू द्या. दागिने, आधार, पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रं ज्याची त्याच्या ताब्यात.

दुसरा फोन. ऑफिसला पोचल्यावर मेसेज टाकायचा, हा नियम असू शकतो. कुणाशी बोललीस ते दाखव, ही चौकशी झाली. आईवडील, भावंडं, मैत्रिणी, मित्र यांच्याशी बोलायला परवानगी लागता कामा नये.

तिसरा डॉक्टर. औषध, तपासणी, गर्भनिरोधन आणि मूल हवं की नको, हे कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये बसत नाही. अंगावर वळ असेल आणि डॉक्टरांनी विचारलं, तर खरं सांगा. पाय घसरला असं सांगितलंत तर उपचार घसरलेल्या पायाचे होतील.

चौथी नोकरी आणि शिक्षण. कामाच्या वेळेत घरचा नियम लागू नाही. मीटिंग चालू असताना फोन उचलला नाही म्हणून संध्याकाळी शिक्षा होत असेल, तर नियम लिहिणाऱ्याने हद्द ओलांडली आहे.

पाचवी आजारपणं आणि दुःखं. ताप आहे, पाळीचा त्रास होतोय, घरात कुणी गेलं आहे, परीक्षा तोंडावर आहे, अशा वेळी नियम आपोआप थांबतात. त्यासाठी विनंती करावी लागू नये.

एवढं लिहून झालं की थांबवण्याचा शब्द ठरवा. याला सेफवर्ड म्हणतात. सिग्नलचे रंग वापरायची पद्धत सोपी आहे : ‘रेड’ म्हटलं की सगळं तिथल्या तिथे बंद, ‘यलो’ म्हटलं की सावकाश घ्या, विचारून पुढे जा. हा शब्द फक्त खोलीचं दार बंद असतानाचा नाही. स्वयंपाकघरात, गाडीत, सासरी जेवायला बसलेलं असताना, कुठेही तो तितकाच चालला पाहिजे. डॉमलाही तो वापरायचा पूर्ण हक्क आहे. दिवसभर दुसऱ्याचं ठरवत राहणं दमवणारं असतं आणि ‘आज मला कुणाला काही सांगायचं नाही’ असं म्हणण्यात कमीपणा नाही. शब्द वापरल्याबद्दल शिक्षा नाही, टोमणा नाही, त्याच दिवशी उलटतपासणीही नाही. पाणी द्या, जवळ बसा, बोलणं दुसऱ्या दिवशी.

नियम थोडे ठेवा. सुरुवातीला तीन पुरेत आणि प्रत्येकावर तारीख घाला. महिना संपला की नियम आपोआप संपतो, हवा असेल तर दोघांनी तो पुन्हा मंजूर करायचा. आठवड्यातून एकदा बैठक घ्या. त्या वेळी मालक नाही, सर नाही, बाईसाहेब नाहीत, दोघं समोरासमोर सारख्या खुर्च्यांवर. काय आवडलं, काय टोचलं, कुठला नियम नुसता ओढला जातोय, हे तिथे बोलायचं. हे बोलणं आपल्याला जड जातं, कारण मराठी घरांत शरीराविषयी बोलायची सवयच नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हे विषय उघडपणे मांडले, त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. छापील मासिकात जे त्या काळी बोललं गेलं, ते आज आपल्याच घरातल्या माणसाशी बोलायला हरकत नसावी.

शिक्षेबद्दल थोडं. खऱ्या रागात असताना शिक्षा देऊ नका. जेवण, झोप, औषध या गोष्टी कधीच रोखू नका. कित्येक दिवसांचा अबोला ही शिक्षा नाही, तो छळ आहे. गळ्यावर दाब देणं पूर्ण टाळा, त्याची सुरक्षित रीत नाही, काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि जीवही जातो. कुलूप लागेल असं काही अंगावर असेल, तर किल्ली घालणाऱ्याच्याही हाताशी हवी. दारू पोटात असताना नवा नियम ठरवू नका.

घरात आणखी माणसं असतात, त्यांनी संमती दिलेली नाही हे विसरू नका. मुलं, सासू-सासरे, कामाला येणाऱ्या मावशी, शेजारी, यांच्यासमोर तुमचा प्रोटोकॉल दिसता कामा नये. मुलांसमोर तर मुळीच नाही, कारण आई-बाबांमध्ये एक जण वरचा असतो एवढंच ते शिकतील. ज्यांना हे चारचौघांत जपायचं असतं, ते बारीकशी खूण ठेवतात : एखादी साखळी, कपाचा कान ठरावीक बाजूला ठेवणं. तेवढं पुरतं. फोटो आणि व्हिडिओ काढूच नका. काढलेत तर विचारून काढा आणि नातं संपलं की दोघांसमोर पुसा. खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय काढणं किंवा पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे.

कायद्याचं आणखी एक नीट समजून घ्या. गुलामीचा कितीही देखणा करारनामा करा, स्टॅम्पपेपरवर करा, न्यायालय त्याची अंमलबजावणी करणार नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम २५ प्रमाणे सज्ञान माणसाची संमती किरकोळ इजेपुरती ग्राह्य आहे, गंभीर दुखापतीला ती ढाल होत नाही. कलम २८ म्हणतं, भीतीपोटी दिलेली किंवा नशेत, काय चाललंय हे न कळता दिलेली संमती ही संमतीच नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो आणि लग्नाशिवाय पण लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचं संरक्षण आहे. ‘तिने वहीत सही केली होती’ हे तिथे उत्तर होत नाही.

शेवटी सगळ्यात अवघड गोष्ट. आपल्याकडे बाईने ऐकायचं हे कुणी ठरवावं लागत नाही, ते लहानपणापासून शिकवलेलंच असतं. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, माहेरी जायचं तर विचारून, पगार हातात आणून द्यायचा. त्याच जुन्या सक्तीला प्रोटोकॉल असं नवं नाव दिलं, तर ती सक्तीच राहते. तपासायची एक रीत सांगतो. एक आठवडा सगळे नियम बाजूला ठेवा. दोघांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं आणि तरीही घर हसतंखेळतं राहिलं, तर तुमचं नातं खुशीचं आहे. नियम थांबवू या, एवढं नुसतं म्हणायचीच छाती होत नसेल किंवा म्हटल्यावर आदळआपट, धमकी, रडारड, घराबाहेर काढायची भाषा सुरू होत असेल, तर तुमच्या घरात प्रोटोकॉल नाही, दहशत आहे. मग स्त्रियांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. पुरुषांनीही ११२ आणि १४४१६ वर फोन करायला लाजू नये.

म्हणून आजच वही घ्या. पहिल्या पानावर हुकुमाच्या हद्दीबाहेरच्या गोष्टी दोघांनी मिळून लिहा. ते पान भरत नसेल, तर दुसरं पान उघडू नका.