संध्याकाळी सातची भूक

पहाटे उठून डबे भरायचे, आठची गाडी पकडायची, दुपारी एकला डबा खायचा आणि त्यानंतर थेट रात्री दहाला ताटावर बसायचं. आपल्या वस्त्यांमधल्या कामाला जाणाऱ्या कितीतरी बायांचा दिवस असाच जातो. घरकाम करणाऱ्या असोत, सफाई खात्यातल्या असोत, कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या असोत की ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या. एक ते दहा म्हणजे नऊ तास झाले. या नऊ तासांत पोटात दोन कटिंग चहा जातात आणि कुणी पुढे केलीच तर दोन बिस्किटं. मग घरी पोहोचल्यावर स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, भांडी, आणि शेवटी भाताचा डोंगर खाऊन लगेच आडवं होणं. डॉक्टर साखर वाढली म्हणतात तेव्हा आपण म्हणतो, "गोड तर मी खातच नाही."

सातच्या सुमाराला स्टेशनबाहेर आपण उतरतो तेव्हा समोर बाजार भरलेला असतो. माझं म्हणणं असं, की त्या बाजारातच थांबावं, पंधरा मिनिटं द्यावीत आणि पोटाला आधार होईल असं काहीतरी खाऊन मग घराकडे वळावं. हा चोचला नाही, औषधाच्या गोळीइतकी गरजेची गोष्ट आहे. आणि त्यासाठी महागडं काही लागत नाही. त्या बाजारातलं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात स्वस्त खाणं बहुतेक वेळा शेतातून आलेलंच असतं. त्यात मांस-अंडं नाही आणि दूध, तूप, लोणीही नाही.

अशा खाण्याला हल्ली 'व्हेगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला. आपल्याकडे तो मोठ्या हॉटेलांच्या पाट्यांवरून आणि मोबाईलवरून आला, त्यामुळे तो श्रीमंतांचा वाटतो. पण आजी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी खायची, वर कोरा चहा प्यायची, त्यात दुधाचा थेंब नव्हता. दूध परवडत नव्हतं, म्हणून नव्हतं. कुणी त्याला नाव दिलं नाही, एवढंच.

इथे एक गोष्ट आधीच मोकळी करून टाकते, कारण 'मांसाशिवायचं खाणं' म्हटलं की आपल्या लोकांच्या कपाळावर आठी पडते. ती पडणं स्वाभाविक आहे. 'शुद्ध शाकाहारी' या पाटीमागे काय दडलेलं असतं ते आपण भोगलेलं आहे, भाड्याने खोली शोधताना आजही भोगतो. माणसाच्या ताटावरून त्याची पायरी कशी ठरवली गेली, याचा शोध बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात घेतला आहे. तेव्हा मी इथे शुद्धतेबद्दल बोलतच नाही. उलट व्हेगन हिशेबाने पाहिलं तर साजूक तूप, पेढा आणि पंचामृत बाद होतात, आणि आपल्या आजीची भाकरी-चटणी पास होते! आपल्यातली काही मुलंमुली प्राणिमात्रांवरच्या करुणेपोटी मांस आणि दूध दोन्ही सोडतात, त्यांचा मान राखावा. घरी सुकट-बोंबील खाणाऱ्यांनी त्यांच्यापुढे खाली मान घालण्याचं मात्र कारण नाही. या पानावर आपण पाहतो ते शरीराला काय मिळतं एवढंच.

तर बाजारात काय काय असतं? उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, भाजलेले फुटाणे, उकडलेले चणे, शेगडीवरचं कणीस, रताळं, केळी, पेरू, आवळे. थंडीत भंडारा-गोंदियाकडे उकडलेले शिंगाडे. शेंगदाण्याचंच घ्या. १०० ग्रॅम कच्च्या दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, भाजलेल्या चण्यात सुमारे २०. उकडल्यावर पाणी शोषल्यामुळे वजनाच्या हिशेबात आकडा कमी दिसतो, पण मूठभर दाण्यांचा आधार कमी होत नाही. फुटाण्याने आणि शेंगांनी पोट तासन्‌तास भरलेलं राहतं, म्हणून रात्री भाताचा डोंगर आपोआप टेकडीवर येतो. मला एक गोष्ट नेहमी खटकते. वस्तीतलं हे सगळ्यात पौष्टिक खाणं, उकडलेले चणे आणि शेंगदाणे, जातं कुठे? दारूच्या गुत्त्यावर, चकणा म्हणून! बाप चकण्यात प्रथिनं खातो आणि आई चहात बिस्किट बुडवते.

आता वडापावाबद्दल. पाव बहुधा मैद्याचा, वडा बटाट्याचा, वरचं आवरण बेसनाचं, चटणी लसणाची. म्हणजे तोही बहुतेक ठिकाणी व्हेगनच आहे. भजी, पाणीपुरी, उसाचा रसही तसेच. म्हणून 'व्हेगन म्हणजे तब्येतीला चांगलं' या समजात राहू नका. वडापाव दादर स्टेशनबाहेर जन्मला तो गिरणगावातल्या भुकेच्या पोटासाठी, धावत खाता यावा म्हणून. त्याचा मी अपमान करणार नाही, आठवड्यातून एखादा मीही मिरचीसकट खाते. पण रोजचा आधार म्हणून त्यात पीठ, बटाटा आणि तेल जास्त, प्रथिनं थोडी. तेवढ्याच पैशांत शेंगांचा पुडा येतो. तेलाचंही पाहा. कढईतलं तेल काळं, दाट झालेलं असेल, फेस येत असेल, डोळे चुरचुरत असतील तर तिथून पुढे जा. तळणीच्या तेलात खराब झालेला भाग २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असा नियम देशात २०१८ पासून आहे. आपल्याकडे तो मोजायला यंत्र नाही, पण नाक आहे.

ज्यांनी दूध-लोणी सोडलंय त्यांनी विचारून घ्यावं. डोशाच्या तव्यावर लोणी फिरतं, पावभाजीत तर फिरतंच, इडलीच्या चटणीत कधी दही असतं. "लोणी नको, तेलावर कर" एवढं सांगितलं की गाडीवाला करून देतो. मटकीची उसळ घातलेली मिसळ किंवा नागपूरकडचे चण्याच्या तर्रीचे पोहे हे तर जेवणच झालं. तर्री मात्र बेताने. सुक्या भेळेत शेंगदाणे, कांदा, टोमॅटो, कैरी जास्त आणि शेव कमी घालायला सांगा. पावसाळ्यात कच्ची मोड आलेली मटकी, कापून ठेवलेली फळं आणि पाणीपुरीचं पाणी टाळा. त्या दिवसांत समोर उकळत्या पाण्यातून निघालेलं किंवा निखाऱ्यावरून आलेलं बरं. दाणा काळपट, बुरशीचा किंवा कडू लागला तर लाजू नका, थुंकून टाका. आणि खाणं वर्तमानपत्रात देत असेल तर आपला डबा पुढे करा, छपाईची शाई अन्नात उतरते.

लिंबाचं मोल आपल्याला कळलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! चण्यात, मटकीत लोह असतं, पण झाडपाल्यातलं लोह शरीर सहज शोषत नाही. त्याच्यासोबत लिंबू, पेरू किंवा आवळा खाल्ला तर ते चांगलं शोषलं जातं, आणि लगेच वर चहा प्यायला तर अडतं. म्हणून चण्यावर लिंबू पिळून घ्या आणि चहा तासभर मागे ढकला. कणसावरही लिंबू भरपूर चोळा, मीठ हलक्या हाताने. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढं असावं. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी खाऱ्या पाण्यात उकडलेल्या शेंगांऐवजी साधे फुटाणे घ्यावेत. साखरेचा आजार असलेल्यांनी रताळं अर्धंच खावं, जोडीला चणे घ्यावेत, उसाचा रस सोडून द्यावा.

बी-१२ हे जीवनसत्त्व मात्र या बाजारात झाडाच्या कुठल्याच खाण्यात मिळणार नाही. ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून येतं. हे सगळंच ज्यांनी सोडलंय त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. हातापायाला मुंग्या येणं, जीभ सोलल्यासारखी होणं, सारखा थकवा, याकडे दुर्लक्ष करू नये. ज्यांच्या घरी अंडं-मासळी शिजते त्यांनी ती शिजवत राहावी. संध्याकाळी शेंगा आणि रात्री बोंबील यांचं भांडण नाही.

आता खरी अडचण. बाया हे खात का नाहीत? पैसे हे एक कारण आहेच. पण त्याच पैशांत त्या पोरांसाठी पार्सल बांधून घेतात आणि स्वतः उपाशी घरी जातात. "घरचे जेवायचे असताना मी बाहेर कशी खाऊ?" आणि "बाईमाणसानं रस्त्यात उभं राहून खाणं बरं दिसत नाही." दुसऱ्या वाक्याचा मला राग येतो. गावच्या हॉटेलात आपल्या आजोबांची कपबशी वेगळी ठेवलेली असायची, पिऊन झाल्यावर ती त्यांनीच धुवून ठेवायची. आज त्यांची नात भर बाजारात, सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून त्याच ताटलीत भेळ खाते. हे बरं दिसत नाही तर काय बरं दिसतं? निखाऱ्यावर कणसाचे दाणे तडतडत असतात, मैत्रीण सोबत असते, दिवसभर कुणी काय बोललं ते सांगून होतं, तिखटाने नाकातून पाणी येतं. दिवसभरात बाईला स्वतःसाठी मिळालेली तेवढीच पंधरा मिनिटं असतात. नवऱ्यांनी आणि सासवांनी त्या उशिराचा हिशेब मागू नये. जमलं तर तेवढ्या वेळात कुकर लावून ठेवावा.

आणखी एक कारण बाया मोठ्याने सांगत नाहीत. बाजारात संडास नसतो. असला तर कडी नसते, पाणी नसतं. म्हणून त्या दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, आणि पाणी नको म्हणून खाणंही नको. लघवीची जळजळ आणि वारंवार होणारा संसर्ग यांचं हे मोठं कारण आहे. तिथे कितीही चांगल्या शेंगा असल्या तरी काय उपयोग? हात धुवायला नळ नाही, टेकायला बाक नाही. शेंगा विकणारी मावशी आपल्याच वस्तीतली, तीही सकाळपासून पाणी न पिता बसलेली. तिची पाटी अतिक्रमणवाल्यांनी उचलली की आपलाही स्वस्त खाऊ गेला. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ पासून आहे. त्यात प्रत्येक शहराला फेरीवाला समिती आहे आणि तिच्यात फेरीवाल्यांचे प्रतिनिधी, त्यांतही स्त्रिया असल्या पाहिजेत असं लिहिलेलं आहे. आपल्या बाजारासाठी ती कुठे बसते, आपल्यापैकी किती जणींनी विचारलंय?

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायला वकील लागत नाही. बाजाराचं नाव, वेळ, तिथून रोज साधारण किती बाया जातात ते लिहा. कडी आणि पाणी असलेला संडास, एक नळ, दोन बाक आणि एक दिवा मागा. खाली सह्या घ्या, शेंगावाल्या मावशीचीही घ्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका.