पोहणाऱ्यांच्या पाण्यात स्पीडबोट नको!



18 डिसेंबर 2024 रोजी दुपारी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 माणसे जिवानिशी गेली. एका प्रवाशाने मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण तुम्हीही पाहिले असेल. लांबवर गिरक्या घेत असलेली एक छोटी बोट एकाएकी तोंड फिरवते आणि बघता बघता अंगावर येते. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि बिघाड होऊन ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. नीलकमलला परवाना 84 प्रवाशांचा आणि 6 खलाशांचा होता, बोटीवर शंभरावर माणसे होती. अंगात लाइफ जॅकेट नव्हते, असे वाचलेल्या प्रवाशांनी सांगितले. दुसऱ्या दिवसापासून गेटवेवर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. जी सक्ती एका दिवसात करता येत होती, ती मृतदेह मोजल्यावर केली गेली.

हे पत्रक आम्ही रत्नागिरीत वाटत आहोत ते मुंबईचे दुःख उगाळण्यासाठी नव्हे. त्या दिवशी मुंबई बंदरात जे एकत्र आले तेच आपल्या किनाऱ्यावर सुट्टीच्या प्रत्येक दिवशी एकत्र येते: वेगवान बोट, गर्दी आणि दोघांमध्ये काहीही आडवे नसलेले पाणी. फरक एवढाच की तिथे बोटीवर नौदलाची आणि इंजिन बनवणाऱ्या कंपनीची माणसे होती. आपल्याकडे सुकाणू कोणाच्या हातात असते, हे विचारण्याची वेळ आली आहे.

कोकणाला समुद्रातले मरण नवे नाही. 17 जुलै 1947 रोजी, ऐन आषाढात, ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेवर माणसे गेली. तेव्हा वादळ होते, खवळलेला समुद्र होता. डिसेंबरातल्या दुपारी दर्याला दोष देता येत नाही. आठवून पाहा. 24 ऑक्टोबर 2018 : शिवस्मारकाच्या कार्यक्रमाला निघालेली स्पीडबोट मुंबईच्या समुद्रात खडकावर आपटून बुडाली, एक तरुण गेला. 24 मे 2022 : तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोन गेले. 25 डिसेंबर 2024 : नीलकमलला आठवडा होतो न होतो तोच गोव्यात कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली, एक गेला. प्रत्येक वेळी चार दिवस बातम्या येतात, चौकशीची घोषणा होते आणि पुढच्या शनिवारी राईड पुन्हा सुरू होतात.

वेग म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेऊ. स्पीडबोट 30 नॉटने जाते म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटर. हातखंब्याच्या रस्त्यावर या वेगाला कोणी वेग म्हणणार नाही. पण रस्त्यावर ब्रेक असतो. बोटीला ब्रेक नसतो. इंजिन बंद केले तरी ती पाण्याच्या अडथळ्याने थांबेल तेव्हा थांबेल. 30 नॉटला बोट सेकंदाला 15 मीटर कापते. शंभर मीटरवर पोहणाऱ्याचे डोके दिसले तर हातात सहा-साडेसहा सेकंद असतात, आणि ते डोके लाटेच्या खळग्यात असेल तर दिसतच नाही. त्यात बोट वेग घेताना तिची नाळ वर उचलली जाते आणि मागे बसलेल्या चालकाला पुढचे पाणीच दिसेनासे होते. नेमक्या याच वेळी ती किनाऱ्याच्या सगळ्यात जवळ असते, कारण गिऱ्हाईक तिथूनच उचलायचे असते. मग येतो पंखा. बाहेरच्या इंजिनाचा पंखा मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेतो. तीन पाती धरली तर सेकंदाला शंभराच्या घरात वार होतात. आणि वेग दुप्पट केला की आघात चौपट होतो.

जेट स्कीची गोष्ट तर नव्या माणसाला कोणी सांगतच नाही. तिला सुकाणूचे पाते नसते. मागून जोरात फेकल्या जाणाऱ्या पाण्याच्या धारेवरच ती वळते. समोर काही दिसले की घाबरलेला माणूस स्वाभाविकपणे वेग देणाऱ्या थ्रॉटलवरचा हात सैल करतो, धार थांबते आणि हँडल कितीही फिरवले तरी जेट स्की सरळच जाते, ज्याला चुकवायचे त्याच्याच अंगावर. हे ज्याला ठाऊक नाही त्याला पाचशे-हजार रुपये घेऊन एकट्याला यंत्रावर बसवणे हा सरळ गुन्हा मानला पाहिजे.

आणखी एक गोष्ट जवळून पाहा. स्पीडबोटीच्या थ्रॉटलजवळ बहुधा लाल रंगाची, गुंडाळी झालेली एक दोरी असते. तिचे एक टोक किल स्विचला आणि दुसरे चालकाच्या मनगटाला किंवा मांडीला अडकवायचे असते. चालक फेकला गेला की दोरी खेचली जाते आणि इंजिन तिथल्या तिथे बंद पडते. मे 2013 मध्ये इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळच्या खाडीत सहा जणांचे एक कुटुंब स्पीडबोटीतून बाहेर फेकले गेले. दोरी कोणाच्याच अंगाला बांधलेली नव्हती. रिकामी बोट पूर्ण वेगात गोल गोल फिरत पाण्यातल्या त्याच माणसांवर परत परत आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, बाकीच्यांपैकी दोघांना जबर जखमा झाल्या. अमेरिकेने 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या वेगवान बोटींवर ही दोरी बांधणे कायद्याने बंधनकारक केले. आपल्या किनाऱ्यावर बोटीत चढताना चालकाच्या मनगटाकडे नजर टाका. दोरी तिथे नसेल, नुसती स्विचला लटकत असेल, तर त्या बोटीत मुलाबाळांना बसवू नका.

आणि म्हाताऱ्या आई-वडिलांना ‘छान दिसेल’ म्हणून पुढच्या बाकावर बसवू नका. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि पाणी तुटक लाटांनी खडबडीत होते. अशा पाण्यात वेगाने गेलेली बोट लाटेवरून उडून आपटते आणि सगळ्यात मोठा दणका पुढच्या बाकाला बसतो. मणका दबून मोडण्याच्या दुखापती जगभर याच बाकावरच्या प्रवाशांना झाल्या आहेत.

आता पोटापाण्यासाठी या पाण्यात उतरणाऱ्यांविषयी. भाट्ये, राजिवडा, मिरकरवाडा, काळबादेवी, जयगड, उत्तरेला हर्णै : इथला छोटा मच्छीमार किनाऱ्यालगत जाळे टाकतो, बोये सोडतो. समुद्रातले वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 सालचे आहेत, भारताने ते मान्य केले आहेत, आणि त्यांत स्पष्ट आहे की यंत्रावर चालणाऱ्या बोटीने मासेमारीत गुंतलेल्या होडीला वाट द्यायची. त्याच नियमांत असेही आहे की डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवायचा आणि वेळेत थांबता येईल एवढ्याच वेगाने जायचे. पण पर्यटकांना डॉल्फिन दाखवण्याच्या शर्यतीत बोये तुटतात, जाळी पंख्यात जातात, आणि वाट सोडावी लागते ती वल्हवणाऱ्याला. शिवाय आरे-वारेपासून गणपतीपुळ्यापर्यंतचा किनारा खडकांनी भरलेला आहे. भरतीला झाकलेला खडक ओहोटीला नाळेसमोर येतो. जुन्या तांडेलाला तो पाठ असतो, चार दिवसांपूर्वी कामाला लागलेल्या पोराला नाही.

आम्हाला सांगितले जाते की या बोट राईडवर शेकडो घरांची चूल पेटते. खरे आहे, आणि म्हणूनच हे पत्रक आहे. अपघात होतो तेव्हा बंदी एका बोटीवर येत नाही, अख्खा किनारा बंद होतो आणि नीट धंदा करणाऱ्याचीही चूल विझते. नियम पाळणाऱ्या बोटवाल्याने हे पत्रक स्वतः वाटावे, कारण बेफिकीर शेजारी हा त्याचाच शत्रू आहे. कोणी म्हणते, पर्यटकच ‘अजून जोरात’ म्हणून ओरडतात. ओरडू देत. डॉक्टर रोग्याच्या हट्टाने औषधाचा डोस वाढवत नाही. आणि ‘परवाना आहे’ हे उत्तर तर आता ऐकूनच घेऊ नका. परवाना नीलकमललाही होता.

अमेरिकेचे कोस्ट गार्ड दरवर्षी हौशी बोटींच्या अपघातांचा हिशेब छापते. 2023 मध्ये 564 माणसे मेली. मृत्यूचे कारण कळले त्यांतली सुमारे तीन-चतुर्थांश बुडून, आणि बुडालेल्यांपैकी दहात जवळजवळ नऊ जणांच्या अंगात जॅकेट नव्हते. अपघाताच्या कारणांत सर्वांत वर काय आहे? चालकाचे दुर्लक्ष, समोर नजर नसणे, अननुभव, अतिवेग. ही चारही कारणे किनाऱ्यावर उभे राहून रोखता येतात.

म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळ, जिल्हाधिकारी आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती यांच्याकडे आमची मागणी आहे. फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून 300 मीटरपर्यंत आणि न्यूझीलंडमध्ये 200 मीटरपर्यंत 5 नॉटची मर्यादा आहे. आपल्या गर्दीच्या किनाऱ्यांवर 300 मीटरची हद्द बोयांनी आखा. पोहण्याचे पाणी वेगळे करा आणि बोटींना ये-जा करायला एकच अरुंद वाट द्या. ही पहिली मागणी आहे आणि ती मान्य झाली तर निम्मे मरण टळेल, असे आमचे ठाम मत आहे. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, ती पॉवरबोट आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण देते. तिथून किंवा तशाच तोडीचे शिक्षण घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती थ्रॉटल देऊ नका, आणि गरीब घरातल्या पोरांच्या फीचा भार जिल्हा नियोजनातून उचला. किती माणसे बसवायची ते बोटीच्या अंगावर मराठीत, हातभर अक्षरांत रंगवा. तपासणी हंगामाच्या तोंडावर एकदा करून भागणार नाही, शनिवारी-रविवारी दुपारी किनाऱ्यावर येऊन करा. आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक बोट अपघाताचा, अगदी कोणी मेले नसले तरी, हिशेब दरवर्षी छापून बंदर कार्यालयाच्या फलकावर लावा.

तुमच्याकडेही एक मागणे आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या आणि ठराव झाल्याशिवाय उठू नका. लॉजवाले, खाणावळवाले यांनी हे पत्रक पाहुण्यांच्या खोलीत ठेवावे. बोटीत चढण्याआधी चार गोष्टी पाहा : जॅकेटचा पट्टा मापाने बसतो का आणि बक्कल धड आहे का, चालकाच्या अंगाला दोरी बांधली आहे का, बोटीतली माणसे परवान्याच्या आकड्यात बसतात का, आणि चालक शुद्धीवर आहे का. एकही उत्तर ‘नाही’ आले तर पैसे परत मागा आणि बंदर निरीक्षकाकडे त्याच दिवशी तक्रार नोंदवा.

— किनाऱ्यावरचे रहिवासी, मच्छीमार आणि पालक, रत्नागिरी