पत्रिका, रद्दी आणि कोळसा

परवा भाचीच्या लग्नाच्या पत्रिकांवरून घरात वाद झाला. ताई म्हणाली, "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू, झाडं तरी वाचतील." मी ऐटीत जाहीर केलं, "रिसायकल्ड कागदावर छापू. पर्यावरणाला शून्य त्रास!" वाद मी जिंकला. पण तो 'शून्य' मलाच टोचत राहिला. म्हणून थोडं वाचलं, आणि वरमलो.

कागद म्हटलं की आपल्याला झाड दिसतं, कोळसा दिसत नाही. कारखान्यात दाबून पाणी काढलं तरी ओल्या कागदात निम्म्याच्या आसपास पाणी उरतंच. तो वाफेने तापवलेल्या रुळांवरून फिरवून वाळवतात. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरमध्ये आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दगडी कोळसा. बल्लारपूरचंच बघा ना. बांबूचं जंगल, वर्धा नदी आणि कोळशाच्या खाणी, तिन्ही हाताशी. कागद कारखाना तिथे निघाला यात नवल ते काय!

फिनलंड-स्वीडनची गोष्ट वेगळी. लाकूड रसायनात शिजवलं की साधारण निम्म्याचाच लगदा होतो, बाकीचं काळ्या द्रवात विरघळतं. तो द्रव आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यावर आणि झाडांच्या सालींवर तिथल्या मोठ्या कारखान्यांची बरीचशी गरज भागते. आपल्याकडेही लाकूड-बांबूचे कारखाने तो जाळतात, पण जोडीला कोळसा लागतोच. रद्दीच्या लगद्यात मात्र हा द्रव निघतच नाही. झाड वाचतं, एकूण ऊर्जाही सहसा कमी लागते, पण जी लागते ती बाहेरून आणावी लागते. आणि भारतात निम्म्याहून जास्त कागद रद्दीपासूनच होतो. म्हणजे माझी 'शून्य त्रासा'ची पत्रिका बहुधा कोळशावरच शेकून निघाली असती!

रविवारी कागजीपुऱ्याला जाऊन आलो. आपल्या संभाजीनगरहून वेरूळला जाताना दौलताबादच्या पुढे लागतं ते. तुघलकाने 1327 साली राजधानी इकडे आणली, तेव्हा आलेल्या कागदींची ही वस्ती असं सांगतात. चिंध्यांचा लगदा, एकेक ताव हाताने उचललेला, आणि वाळवायला फुकटचं ऊन-वारा. अर्थात लगदा कुटायचं यंत्र विजेवर, आणि महाराष्ट्रातली वीज मुख्यतः कोळशाची. त्यामुळे इथेही 'शून्य' म्हणणार नाही. एकदा तोंडघशी पडलो तेवढं पुरे.

वर्तमानपत्रं आणि पाठ्यपुस्तकं हातकागदावर छापा, असं माझं म्हणणं नाही. रद्दी देणंही सोडू नका. पण रिमवर जीएसएम छापतात, तसं बॉयलरमध्ये काय जाळलं तेही का छापू नये? नुसतं हिरवं पान छापून भागतं, कारण आपण कुणी विचारतच नाही.

असो. आमचं ठरलं : 40 पत्रिका हातकागदावर. पहिली कुलदैवताला, बाकीच्या आत्या-मामांसारख्या मोठ्यांना, ज्यांना पत्रिका हातातच लागते. इतरांना फोनवर. रागावू नका, आमंत्रण तितकंच आग्रहाचं आहे.

आणि ताई, अर्धा वाद तू जिंकलीस. अर्धाच हं!