कंपन्यांना आमंत्रण, पण कोणत्या अटींवर?



सप्टेंबर 2022 मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असे जाहीर झाले, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! 1 लाख 54 हजार कोटींची गुंतवणूक हातची गेली म्हणून मोर्चे निघाले. पुढे जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. जुलै 2025 मध्ये हिंजवडीच्या पाहणीत खुद्द उपमुख्यमंत्र्यांनी आयटी पार्क बंगळूर-हैदराबादला चालल्याची खंत बोलून दाखवली. पुण्याला मोठ्या कंपन्यांची मुख्यालये कशी मिळतील, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला आहे. या चर्चेत आपण बोलायचे की नाही?

आपण बोललेच पाहिजे, कारण पुण्याचा दावा पोकळ नाही. बजाज ऑटो आकुर्डीत, भारत फोर्ज मुंढव्यात, थरमॅक्स आणि पर्सिस्टंट शहरात, अशी मुख्यालये इथे आहेतच. थरमॅक्सच्या अध्यक्षपदी 1996 पासून स्त्रिया आहेत. मुलींसाठी स्वतंत्र कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय 1991 मध्ये इथेच सुरू झाले. लातूर, सोलापूर, जळगावहून आलेल्या कितीतरी मुलींना पुण्यातल्या पगाराने स्वतःची खोली मिळाली, लग्न चार वर्षे पुढे ढकलण्याची ताकद मिळाली. ही गोष्ट छोटी नाही.

शिवाय मुख्यालय गावात असण्याचा एक अर्थ आपल्याला नीट कळतो. निर्णय घेणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर 2020 मध्ये बंद झाला आणि सुमारे 1400 कामगार रस्त्यावर आले. तो निर्णय सातासमुद्रापार अमेरिकेत झाला होता. इथल्या कामगारांनी दार ठोठवायचे तरी कुणाचे?

तेव्हा कंपन्या याव्यात की नाहीत, हा आपला वाद नाही. आमंत्रणपत्रिकेत काय लिहिले जाते, यावर आपला आक्षेप आहे. जमीन, पाणी, वीज, उड्डाणपूल, करसवलत, कुशल मनुष्यबळ अशी ती यादी असते. त्या मनुष्यबळात बाई धरलेली असते, पण ती घरी कशी पोचणार हे यादीत नसते.

नोव्हेंबर 2007 मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर कंपनीसाठी चालणाऱ्या गाडीच्या चालकाने साथीदारासह बलात्कार करून तिचा खून केला. जानेवारी 2017 मध्ये हिंजवडीत एक संगणक अभियंता तरुणी रविवारी कामावर आली असता कार्यालयातच मारली गेली, आणि त्या प्रकरणी अटक झाली ती सुरक्षारक्षकाला. जुलै 2024 मध्ये एका जागतिक सल्लागार कंपनीत चार महिन्यांपूर्वी लागलेल्या 26 वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याने ती गेली, असे तिच्या आईने पत्र लिहून सांगितले. कंपनीने ते नाकारले. कामगार खात्याने तपासणी केली, तर 2007 पासून चालणाऱ्या त्या कार्यालयाने दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच केली नव्हती, असे आढळले. सतरा वर्षे कुणी विचारलेच नाही!

आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काय मंजूर केले? दुकाने-आस्थापनांतला कामाचा दिवस 9 तासांवरून 10 तासांचा, कारखान्यांतला 9 वरून 12 तासांचा. कारण सांगितले गेले गुंतवणुकीचे. दहा तास कार्यालयात, दोन तास वाहतूक कोंडीत आणि मग घरचा ओटा. हा हिशेब मंत्रिमंडळापुढे कुणी मांडला होता का?

काचेच्या इमारतीमागे आणखी बायका आहेत. पहाटे फरशी पुसणारी कंत्राटी कामगार, अभियंता मुलीचे मूल सांभाळणारी मोलकरीण, सोसायटीचा कचरा वेगळा करणारी कचरावेचक. याच शहरात 1980 मध्ये मोलकरणींनी संप करून संघटना बांधली. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कंपनीचे शहर यांच्याही श्रमावर चालते, पण 'रोजगारनिर्मिती'च्या आकड्यात त्या क्वचितच दिसतात.

अटी घातल्या तर कंपन्या पळून जातील, असे आपल्याला सांगितले जाते. 2017 मध्ये अमेझॉनने दुसऱ्या मुख्यालयासाठी जागा हवी असे जाहीर केले, तेव्हा उत्तर अमेरिकेतून 238 प्रस्ताव आले. सवलतींची नुसती चढाओढ लागली. न्यूयॉर्कची निवड झाल्यावर तिथल्या रहिवाशांनी आणि संघटनांनी सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलतींचा जाब विचारला, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये कंपनीने तिथून माघार घेतली. न्यूयॉर्क काही ओस पडले नाही. आपल्याकडेही दरवाजे विचारल्यानेच उघडले आहेत. 1974 मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि पुण्याच्या कारखान्यात पहिली स्त्री अभियंता रुजू झाली.

म्हणून आपल्या मागण्या आमंत्रणपत्रिकेतच लिहून घ्यायच्या. सवलत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीची नोंदणी आणि तपासणी झाली पाहिजे. रात्री उशिरापर्यंत पीएमपीची बस, उजेड असलेला थांबा आणि स्वच्छ स्वच्छतागृह हवे. परवडणारे महिला वसतिगृह हवे. 50 कर्मचाऱ्यांमागे पाळणाघराची अट 2017 मध्ये कायद्यात आली, ती कंत्राटी बाईच्या मुलालाही लागू करा. 2013 च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीचे दार सफाई करणारीलाही उघडे आहे, हे तिला तिच्या भाषेत सांगा.

येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या भागातली एक इमारत निवडावी. समितीच्या सदस्यांची नावे दर्शनी भागात लावली आहेत का, ते पाहावे. मोलकरणींना आणि दहापेक्षा कमी माणसांच्या जागी काम करणाऱ्या बायकांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता द्यावा. कामगार कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. जे हाती लागेल ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ते छापू, आणि तीच यादी घेऊन पालिकेत आणि उद्योग खात्यात जाऊ.